मर्टलनं बापापुढं ठेवलेलं ताट

मर्टल नुंगर्राई आपल्या आंधळ्या बापाच्या ताटात काहीतरी घालते, अशी कुजबुज त्या वर्षी आमच्या वाळवंटातल्या विलुपारी वस्तीत सुरू झाली. आधी ती दुकानाच्या रांगेत ऐकू आली, मग नळावर, आणि ऊन कलेपर्यंत पत्त्यांच्या डावात ती पानांबरोबर वाटली जाऊ लागली. "नवऱ्याला पोचवलं, आता बापाचा नंबर," असं म्हणणारीनं तोंडावर हात धरला होता, पण आवाज काही धरला नव्हता. पुरावा म्हणाल तर तोही होता. मर्टलनं ठेवलेलं ताट म्हातारा उचलून फेकतो. सकाळचं फेकतो, सांजचं फेकतो. त्याची कुत्री मात्र एवढी माजली होती, की त्यांना उठून भुंकायचाही कंटाळा यायचा. तेच मांस खाऊन कुत्री कशी फुगतात, हे कुणी विचारलं नाही. मी विचारणार होते, पण पत्ते चांगले आले होते.

मर्टल माझी मामेबहीण. आमच्यात काही नात्यांत मान खाली घालून बोलायचं असतं, काहींत मुळीच बोलायचं नसतं, आणि काही नाती निव्वळ थट्टेची. आमचं तिसऱ्यातलं. मी तिला भर बाजारात "ए फाटक्या पिशवी" म्हणू शकते आणि तिनं हसायचं असतं. ती हसायची नाही, हा भाग वेगळा. कारण मर्टलचा मूळ स्वभाव जळका. पोटाचा विकार असावा तसा तिला मत्सराचा विकार होता. दुसरीच्या भाकरीला कुणी छान म्हटलं की हिची कंबर धरायची. कांगारू कापून वाटे पडले की हिची नजर आपल्या वाट्यावर कधीच नसायची. शेजारणीच्या वाट्यावर किती चरबी आहे, तेवढं ती बघायची. नवऱ्याला लग्नाआधी आवडलेली एक बाई होती. ती बिचारी कधीच दूर निघून गेली होती, पण तिचं कुत्रं मागं राहिलं होतं. मर्टलनं त्या कुत्र्याचाही हेवा केला.

हे सगळं असूनही विलुपारीची अर्धी पोरं तिच्या हातचं खाऊन वाढली, तेही सांगते. ती लहान असताना तिचा बाप, म्हातारा जपलजार्री (आमच्यात बापाचं आणि लेकीचं गोतनाव वेगळं असतं), गोऱ्यांच्या गुरांच्या वाड्यावर घोड्यावरून गुरं हाकायचा. मजुरी म्हणून पीठ, साखर आणि चहा मिळायचा. मर्टल तिथल्या स्वयंपाकघरात भांडी घासता घासता पाव भाजायला आणि रस्से करायला शिकली. पुढं वाडा सोडून सगळे इथं राहायला आलो, शाळा निघाली, दुकान निघालं. दुकानातला माल ट्रकनं येणार, आणि ट्रक रस्त्याच्या मर्जीनं येणार. आला की कोबीकडे बघून वाटायचं, याला विकत घ्यावं की याचा दफनविधी करावा. पोरं शाळेत उपाशी यायची आणि दुपारी चिप्सच्या पुड्यावर दिवस काढायची. मर्टलनं एका झाडाखाली अर्धं पिंप आडवं घालून जाळ केला आणि लापशी शिजवायला घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. शेजारची नाकामार्रा आपल्या नातवांना खीर करून घालते आणि लोक तिचं कौतुक करतात, एवढं तिला पुरलं. मग पोरांमागं म्हातारे आले. मग सरकारी माणसं आली, पत्र्याची शेड आली, गॅस आला, माल ठेवायला थंड खोली आली. बायकांचं मंडळ झालं. पण मोठी पळी मर्टलच्या हातात, आणि तिच्या परवानगीशिवाय पातेल्याचं झाकण उचलायची कुणाची छाती नव्हती.

तिचा चहा तर प्रसिद्ध होता. पाण्यात साखर घालायची की साखरेत पाणी, हे ती ठरवायची नाही. दोन्ही ओतायची.

आणि मग ईनिड आली.

ईनिड मर्टलच्या नवऱ्याची चुलत बहीण, म्हणजे हिची नणंद. अंगानं सडपातळ, तोंडानं गोड, हातानं चलाख. ॲलिस शहरात जाऊन आहाराचं शिक्षण घेऊन आली होती. येताना छातीवर फळांची चित्रं असलेला शर्ट घालून आली आणि शेडच्या भिंतीवर मोठ्या ताटाचं चित्र चिकटवलं. इतकी भाजी, इतकं मांस, इतकी भाकरी. पोरांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव "गाजर" ठेवलं. पाकाचे डबे तिनं वरच्या फळीवर चढवले, पांढऱ्या पिठात तांबूस पीठ मिसळलं आणि साखरेत एवढासा चमचा ठेवला.

तेव्हा मर्टल अजून तोंडानं बोलत होती. मी कांदे सोलत बसले होते, म्हणून मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"वहिनी, हा चहा आहे की पाक?"

"तुझ्या भावाला विचार. जन्मभर हाच पितोय."

"तेच म्हणतेय मी," ईनिड म्हणाली.

मर्टलचा हात पळीवर थांबला. तिचा नवरा तेव्हा शहरात होता, रक्त धुवायच्या मशीनला जोडलेला. साखरेचा आजार, मग मूत्रपिंडं. आमच्याकडे निम्म्या घरांत हेच आहे, त्यामुळे ईनिडनं काही जगावेगळं सांगितलं नव्हतं. पण सांगायची एक वेळ असते आणि एक जागा असते. तिनं दोन्ही चुकवल्या. मर्टलनं पातेल्यात आणखी दोन मुठी साखर टाकली आणि म्हणाली, "घे, हे तुझ्या भिंतीवरच्या ताटाला पाज."

त्यानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला.

त्याचं नाव मी घेणार नाही, गेलेल्याचं घ्यायचं नसतं. दुकानातल्या एका बिस्किटाचं नाव तेच होतं, म्हणून आम्ही कितीतरी दिवस "तो निळा पुडा द्या" म्हणत होतो. मर्टलनं केस कापले, अंगाला पांढरी माती फासली, आणि बोलणं सोडलं. आमच्याकडे नवरा गेला की बायको बोलत नाही. महिनोन् महिने बोलत नाही. तिच्या सासरची मोठी माणसं एक दिवस तिच्या ओठांना अन्न लावून तोंड उघडतात, तोवर जे काही म्हणायचं ते हातानं म्हणायचं. हातानं सगळं म्हणता येतं. भाव करता येतो, विनोद सांगता येतो, शिवीही देता येते, आणि मर्टलच्या हातच्या शिव्या तर बघायला लोक थांबायचे. नवऱ्याच्या माणसांबरोबर ती उत्तरेला त्यांच्या मुलखात शोकाला गेली आणि बरेच दिवस तिकडेच राहिली.

परतली ती पुराआधीच्या शेवटच्या ट्रकनं. ती उतरली, पाठोपाठ पाऊस आला, कोरड्या नदीला लोंढा आला आणि रस्ता वाहून गेला. विमानाच्या पट्टीवर बदकं पोहू लागली.

मर्टल बायकांच्या तळावर राहिली, विधवा तिथंच राहतात. दुसऱ्या दिवशी ती शेडमध्ये आली. पातेली उंचीप्रमाणे लावलेली होती, फडकी धुतलेली होती. तिची मोठी पळी खिळ्याला टांगली होती. मर्टलनं पळी काढली आणि हातानं म्हणाली, "ही इथं कुणी लटकवली?"

"मी," ईनिड म्हणाली. "स्वच्छ राहते."

"तुलाही लटकवते, तूही स्वच्छ राहशील."

ईनिड हसली. मग तिनं एक युक्ती काढली, तशी युक्ती मी जन्मात पाहिली नाही. पिठाचं पोतं उचललं आणि मर्टलच्या दोन्ही हातांत दिलं. "वहिनी, एवढं आत ठेव ना." मर्टलचे हात गुंतले आणि बोलणं बंद पडलं. तिचे गाल फुगले, भुवया वरखाली झाल्या, पण पोतं टाकावं तर पीठ सांडणार, आणि पुरात पीठ सांडणं म्हणजे पाप. तेवढ्यात ईनिडनं आपलं म्हणणं पूर्ण केलं. त्या दिवसापासून वाद जिंकायचा असला की ईनिड मर्टलच्या हातात काहीतरी जड द्यायची. काही दिलं नाही तर पाठ फिरवायची. पाठीला काय ऐकू येणार?

अशी विभागणी ठरली: मर्टल मागं शिजवणार, ईनिड खिडकीत वाढणार. मातीनं माखलेली, न बोलणारी बाई खिडकीत उभी राहू शकत नाही. झालं असं, की रस्सा मर्टलचा आणि "वा" ईनिडला.

"ईनिड, आज झकास झालंय!"

"घ्या, घ्या, अजून घ्या," ईनिड खिडकीतून म्हणायची, आणि मागं एखादं झाकण जोरात आपटायचं.

पुरामुळे दुकानाच्या फळ्या रिकाम्या होत चालल्या. टिनातलं मांस, पीठ, कडक बिस्किटं, एवढंच उरलं. पोरं आणि म्हातारे दोघांचाही भार शेडवर आला. मर्टल पहाटे खणायची काठी घेऊन निघायची. ओल्या मातीत रानकांदे, कंद, नशीब असलं तर बिळातून बाहेर पडलेली घोरपड. भाचे बंदूक घेऊन गेले तर कांगारू यायचा. ईनिड ते सगळं आपल्या भिंतीवरच्या ताटाप्रमाणे वाटायची, आणि खरं सांगते, कुणी उपाशी राहिलं नाही. दोघी मिळून उत्तम काम करत होत्या. त्यांना हे कुणी सांगितलं असतं तर दोघींनी मिळून सांगणाऱ्याला मारलं असतं.

दुपारी ईनिड म्हाताऱ्यांची ताटं पोचवायला जायची. जपलजार्री शेवटच्या झोपडीत, पत्र्याच्या आडोशाखाली बसलेला असायचा. डोळे कधीच गेलेले. ईनिड लांबूनच ओरडायची, "बाबा, गाजर आलंय! ताट घ्या!" म्हातारा हसायचा आणि खायचा. एके दिवशी मर्टल तिच्या मागं मागं गेली. मीही मर्टलच्या मागं गेले, कारण मला त्या बाजूला काम होतं. काय काम होतं ते आता आठवत नाही.

म्हाताऱ्यानं घास घेतला, चावला आणि म्हणाला, "ईनिड, पोरी, तुझ्या हाताला चव आहे."

"आवडलं ना बाबा?" ईनिड म्हणाली. बस. पुढं काही नाही.

तो कंद मर्टलनं खणला होता. ती घोरपड मर्टलनं राखेत भाजली होती. ईनिड वळली तर समोर मर्टल. मर्टलचे हात असे चालले की मला अर्धंच वाचता आलं, आणि त्यातलं अर्धं मी इथं लिहिणार नाही.

"मग काय करू?" ईनिड खालच्या आवाजात म्हणाली. "तुझं नाव घेऊ त्याच्यापुढं? तुझं नाव निघालं की त्याला तो आठवणार. म्हातारं माणूस, आधीच खचलंय. कुणीच घेत नाही, विचार हिला."

मी मान हलवली. खरंच कुणी घेत नव्हतं. जावई म्हाताऱ्याचा लाडका होता. शिकार झाली की सासऱ्याचा वाटा तो आधी आणून द्यायचा आणि काही न बोलता जवळ ठेवून जायचा. अशा घरात शोक चालू असताना कोण नाव काढणार? पण ईनिडला तेवढंच कारण होतं असं समजू नका. "चव आहे" हे शब्द तिला वाटून घ्यायचे नव्हते. मला तिचा चेहरा दिसत होता. पोरगी फुलली होती.

त्या संध्याकाळपासून मर्टलनं बापाचं ताट स्वतः न्यायला सुरुवात केली. सकाळी ऊन यायच्या आधी, आणि सांजेला दिवे लागायच्या आत. अनवाणी जायची, ताट म्हाताऱ्याच्या गुडघ्याशी ठेवायची, जमिनीवर दोनदा थापटायची आणि बाजूला होऊन बघायची. पहिल्या दिवशी कांगारूची शेपूट होती. म्हाताऱ्यानं नाक उचललं, वास घेतला, हात पुढं केला, आणि ताट असं भिरकावलं की ते पत्र्यावर जाऊन आदळलं. कुत्र्यांनी ती शेपूट लांबवली. मर्टलनं रिकामं ताट उचललं.

तिनं ठरवलं, चुकून झालं असेल. दुसऱ्या दिवशी माळढोकाचं मांस नेलं. फेकलं. कंद नेले. फेकले. राखेतली भाकरी वरून पाक ओतून नेली, वरच्या फळीवरचा डबा चोरून. तीही गेली. म्हातारा अंग चोरून बसायचा, तोंड फिरवायचा आणि हातानं "जा, जा" करायचा. त्याच दुपारी ईनिडचं "गाजर आलंय" ऐकून मुकाट जेवायचा.

ज्या बाईला परक्या कुत्र्याचा हेवा वाटतो, तिचं काय झालं असेल ते तुम्हीच ठरवा. तिनं मला तळावर गाठलं आणि हातानं म्हणाली, "तिनं त्याच्यावर गाणं टाकलंय, मंतरलंय त्याला."

"गाणं टाकायला तो काय तिचा प्रियकर आहे?" मी म्हटलं. "पंचाहत्तरी उलटलेला आंधळा!"

"तिला म्हातारा नकोय. तिला पळी हवीय. बापानं माझं ताट फेकलं, म्हणजे मी संपले. माझं तोंड उघडेल त्या दिवशी मंडळातल्या बायका म्हणतील, बापसुद्धा हिचं खात नाही, पळी ईनिडकडेच राहू दे."

हे तिनं सावकाश म्हटलं, बोटं नीट उघडून. तेव्हा मी थट्टा केली नाही. नंतर केली.

दुसऱ्या दिवसापासून मर्टलनं दुपारचं ताटही ईनिडला नेऊ दिलं नाही. शेडच्या दारात आडवी पडली. ओलांडून जायचं म्हणजे मोठ्या वहिनीच्या अंगावरून जायचं, ते ईनिडला जमेना. बापाचं ताट लेक नेणार म्हटल्यावर बाकीच्यांनाही मधे पडता येईना. तिन्ही वेळा मर्टलच जाऊ लागली आणि तिन्ही ताटं कुत्र्यांना जाऊ लागली. म्हातारा शेजाऱ्यांच्या काळ्या चहावर आणि बिस्किटांवर राहू लागला. गळ्याची हाडं वर आली. कुजबुज वाढली. मर्टल दुकानात शिरली की रांग गप्प व्हायची, आणि ती बिचारी परत बोलूही शकत नव्हती.

दवाखान्यातली नर्स, ग्लेनिसबाई, चिखलातून चालत शेडमध्ये आली. मला दुभाषी म्हणून उभं केलं.

"तुमचे वडील वाळत चाललेत," ती मर्टलला म्हणाली. "पट्टी सुकत आलीय. पहिलं विमान आलं की मला त्यांना शहरात पाठवावं लागेल. वृद्धांच्या घरात. तिथं निदान जेवतील. त्यापेक्षा ईनिडला ताट नेऊ द्या ना?"

त्या घरात आमची किती म्हातारी गेली. परत आली ती पेटीतून. मर्टलला ते नर्सपेक्षा जास्त माहीत होतं. तिचे हात वर आले, आणि ईनिडविषयी, ईनिडच्या शर्टाविषयी, आणि त्या शर्टावरच्या फळांचं काय करावं याविषयी सविस्तर बोलले.

"काय म्हणतायत?" नर्सनं विचारलं.

"विचार करते म्हणतेय," मी सांगितलं.

विमान आलं त्या सकाळची गोष्ट. पट्टीवर आवाज ऐकू येण्याआधीच बातमी आली होती की निघालंय. ईनिडनं ठरवलं, आता वहिनीबिहिनी काही नाही. तिनं ओट आणि भाजीचा मऊ रस्सा ताटलीत घेतला आणि मागच्या वाटेनं म्हाताऱ्याकडे निघाली. पुढच्या वाटेनं मर्टल येत होती, राखेतून नुकतीच काढलेली शेपूट घेऊन. दोघी आडोशापुढं समोरासमोर आल्या. मी लाकडं गोळा करत होते. हो, तिथंच.

मर्टलनं आपलं ताट खाली ठेवलं, म्हणजे आता बोलणार. "माझ्या बापापासून लांब हो."

ईनिडनं डोळे मिटले. डोळे मिटले की काही ऐकू येत नाही. मर्टलनं तिच्या खांद्याला हिसका दिला. ईनिडनं डोळे आणखी घट्ट मिटले. मर्टलनं पाठीवरची खणायची काठी काढली आणि ईनिडच्या पायाशी जमिनीवर हाणली. चिखल उडून फळांच्या शर्टावर बसला.

मग ईनिडचं सुटलं. गोड तोंडाची बाई चिडते तेव्हा आवाज दुकानापर्यंत जातो.

"मार! मारून टाक मला! पण तुझा बाप मरतोय ते बघ आधी! तीन वेळा ताट आणतेस, तीन वेळा तो फेकतो, तरी तुझा हेका जात नाही! तुला वाटतं मला पळी हवीय? ठेव तुझी पळी! साखरेचे डोंगर घालून घालून..." इथं ती थांबली. ओठ चावला. मर्टलची काठी हवेतच राहिली. "नाही म्हणत. ते नाही म्हणत मी. पण मर्टल नुंगर्राई, आज विमानात तुझा बाप बसेल आणि तू बसशील इथं शेपूट धरून!"

नुसतं नुंगर्राई म्हटलं तर आमच्याकडे डझनभर बायका वळून बघतात. पण मर्टल नुंगर्राई एकच.

आडोशाखाली म्हाताऱ्यानं मान वर केली.

"कोण म्हणालीस?"

"काय?"

"कुणाशी भांडतेयस, ईनिड?"

"कुणाशी म्हणजे? तुमच्या पोरीशी! मर्टलशी!"

"मर्टल उत्तरेला आहे. शोकाला."

ईनिडचं तोंड उघडं राहिलं. माझंही राहिलं, आणि ते क्वचितच काही न बोलता उघडं राहतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पुराआधीपासून ती इथं होती, आणि विलुपारीत प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्या कुणीतरी म्हाताऱ्याला सांगितलं असेल.

"बाबा, ती केव्हाची आलीय," ईनिड हळूच म्हणाली. "रोज ताट तीच आणते. विधवा आहे ना, बोलत नाही. आणि मी आणत होते तेही तिनंच केलेलं होतं." हे शेवटचं वाक्य तिच्या तोंडातून दाताच्या डॉक्टरनं ओढून काढावं तसं आलं.

म्हाताऱ्यानं हात पुढं केला, हवेतच. मर्टलनं काठी टाकली, खाली बसली आणि हात पकडला. त्यानं तिचं डोकं चाचपलं, कापलेले केस, सुकलेली माती. बोटांना माती लागली तशी त्यानं ती हुंगली आणि जोरात श्वास सोडला.

"पोरी," तो म्हणाला, "ती शेपूट कुत्र्यांना दिलीस की आहे अजून?"

मर्टलनं ताट उचललं. म्हातारा कोपरापर्यंत चरबीत माखून खाऊ लागला. ग्लेनिसबाई वैमानिकाला घेऊन आली, तेव्हा तो हाड चोखत होता. बाई ते बघून म्हणाली, "बरं." विमान औषधं आणि टपाल ठेवून परत गेलं.

ईनिड तिथंच उभी होती, हातात ओटाचा रस्सा, त्यावर साय धरलेली. "बाबा, हेही घ्या थोडं," ती म्हणाली.

"नको," म्हातारा म्हणाला. "पोट भरलं."

मर्टलनं तेव्हा ईनिडकडे असं पाहिलं, की तेवढी सुखी मी तिला लग्नातही पाहिली नव्हती. आणि ईनिड! ती जळत होती हे मला तिच्या कानांवरून दिसलं. तेव्हापासून दोघींना एकच आजार आहे, एवढाच फरक.

मर्टलचं तोंड उघडायचा दिवस आला तेव्हा सगळे जमले. सासरच्या मोठ्यांनी तिच्या ओठांना अन्न लावलं. एवढ्या महिन्यांचं साठलेलं, पहिला शब्द काय निघतो ते ऐकायला आम्ही पुढं सरकलो. कुणी म्हणालं रडेल. ती खाकरली, ईनिडकडे वळली आणि म्हणाली, "पळी दे."

ईनिडनं दिली, आणि सवयीनं पिठाचं पोतंही पुढं केलं. मर्टलनं ते काखेत घेतलं आणि शेडपर्यंत अखंड बोलत गेली.

आता दोघी एकाच शेडमध्ये आहेत. खिडकीत एक दिवस ही, एक दिवस ती. मर्टलच्या चहात साखर कमी झालीय, पण तसं म्हटलं तर ती अंगावर येते. भिंतीवरचं ताट अजून आहे. मर्टलनं त्यावर मांसाच्या जागी कोळशानं शेपूट काढलीय, आणि ईनिडनं ती पुसलेली नाही.

म्हातारा पुढं काही वर्षं जगला आणि आपल्याच आडोशाखाली गेला. ताटं का फेकत होता, असं त्याला पुष्कळांनी विचारलं. "भूक नव्हती," तो म्हणायचा. त्यामुळे कुजबुज काही पुरती मेली नाही. दुकानाच्या रांगेत अजून एखादी हळूच म्हणते, की काहीतरी होतंच बाई त्या ताटात. मला मात्र त्यानं सांगितलं होतं. मी त्याची भाची.

ताटात काही नव्हतं. म्हाताऱ्याला वाटत होतं, मेलेला जावई मांस आणून ठेवतो. पाऊल अनवाणी, बोलणं नाही, अंगाला शोकाच्या मातीचा वास, आणि कुत्री भुंकत नाहीत. त्याचं खाल्लं तर त्याच्याबरोबर जावं लागेल, म्हणून तो ताट फेकत होता.